बापाचे वजन

वसईतल्या कॅथलिक घरात आईबापांचा मान राखण्याची आज्ञा चौथी असते आणि नगरच्या प्रोटेस्टंट घरात तीच पाचवी. शास्त्रवचन एकच, मोजणी वेगळी. कॅथलिक आणि लुथरन परंपरेत परक्या देवांची आणि मूर्तींची आज्ञा एकत्र धरतात व शेवटची लोभाची आज्ञा दोन करून दहाचा आकडा जुळवतात. बाकीचे प्रोटेस्टंट तसे करत नाहीत, म्हणून त्यांचा क्रम एकाने पुढे सरकतो. या फरकावरून कोणी भांडत नाही, आणि भांडण्यासारखे त्यात काही नाहीही. एका बाबतीत मात्र दोन्ही घरांचे अगदी गुण्यागोविंदाने एकमत आहे: ही आज्ञा पोरांसाठी आहे. संडे स्कूलमध्ये ती घोकून घ्यायची, पहिल्या कम्युनियनच्या तयारीत ती विचारायची, आणि पोरगे उलटून बोलले की तिची आठवण करून द्यायची. पोराला मिसरूड फुटले, ते कमावते झाले, की आज्ञेची मुदत संपली. वडिलांच्या सन्मानाविषयीच्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना मला पहिला वाद घालायचा आहे तो या समजुतीशी. ती एकदा ढासळली की ख्रिस्ती धर्म बापाविषयी नेमके काय म्हणतो, हे बरेच वेगळे दिसू लागते.

निर्गमाच्या विसाव्या अध्यायातल्या आज्ञा कोणाला उद्देशून आहेत, हे त्या सलग वाचल्या तरी कळते. शब्बाथाची आज्ञा ज्याला दिली आहे त्याच्या पदरी मुलगे-मुली आहेत, दासदासी आहेत, गुरेढोरे आहेत. व्यभिचार, खोटी साक्ष, शेजाऱ्याच्या बायकोचा आणि बैलाचा लोभ हे काही सात वर्षांच्या मुलाला बजावायचे विषय नव्हेत. ऐकणारा घरधनी आहे, चार माणसे ज्याच्या शब्दावर उठतात-बसतात असा कर्ता पुरुष. अशा माणसाच्या घरात आईबाप असतात ते थकलेले: हातचा कारभार सुटलेला, गुडघे धरलेले, तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगणारे. आज्ञा त्यांच्याविषयी आहे. तिला जोडून येणारे दीर्घायुष्याचे वचनही याच अर्थाने नीट लागते. मान राखशील तर या भूमीत तुझे दिवस वाढतील, याकडे शहाण्या मुलाला मिळणारा खाऊ म्हणून पाहिले तर ते पोरकट वाटते. ज्या मुलखात म्हाताऱ्यांना जागा असते त्याच मुलखात आज तरुण असलेल्यालाही म्हातारे व्हायला जागा मिळते, असे वाचले तर त्यात एका भटक्या, नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या समाजाचे रोखठोक शहाणपण दिसते. वाळवंटातून चाललेल्या तांड्यात म्हातारा मागे पडणे फार सोपे असते.

आता शब्दाकडे येऊ. आपण ज्याला ‘मान राखणे’ म्हणतो ते मूळ हिब्रूत ‘कब्बेद’ आहे, आणि त्याचा धातू जड असणे या अर्थाचा आहे. देवाच्या तेजाला, गौरवाला शास्त्रात ‘कावोद’ म्हणतात, तोही त्याच घराण्यातला शब्द. म्हणजे बापाचा मान राखणे याचा मुळातला अर्थ बापाला जड मानणे, त्याला वजन देणे. इतर भाषांत हे समजावून सांगायला परिच्छेद खर्ची घालावा लागत असेल. मराठीत लागत नाही. आपल्याकडे माणसाच्या शब्दाला वजन असते, गावात त्याचे वजन असते. (अडलेल्या फाइलवरही वजन ठेवतात, पण ते वजन इथे नको.) याच्या उलट क्रिया त्याच पुस्तकाच्या पुढच्या अध्यायात येते. आईबापांना शिव्याशाप देणाऱ्याला तिथे फार कडक शिक्षा सांगितली आहे, आणि तिथले क्रियापद आहे हलके असण्याच्या धातूचे. शाप देणे म्हणजे हलके करणे. आपणही एखाद्याला हलक्यात घेतो, हलक्या भाषेत बोलतो. तराजूची ही दोन पारडी डोळ्यांसमोर ठेवली की लक्षात येते, की इथे प्रेमाची आज्ञाच नाही. आईबापांवर प्रेम करा असे दहा आज्ञांत कुठेही लिहिलेले नाही. प्रेम मागून मिळत नाही, आणि काही घरांत ते मागण्याजोगी परिस्थितीही नसते. वजन मात्र देता येते. ते कृतीत असते, मोजताही येते.

नव्या करारात हेच ग्रीकमधून येते, आणि तिथला ‘तिमे’ हा शब्द मान आणि किंमत असे दोन्ही अर्थ वागवतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात विधवांचा मान राखायला सांगितले आहे, आणि पुढच्या ओळी वाचल्या की कळते तो विषय त्यांच्या पोटापाण्याचा आहे: ज्यांना मुले-नातवंडे आहेत त्यांना त्यांनी पोसावे, आईबापांचे ऋण फेडावे, मंडळीवर भार टाकू नये. जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याला तिथे विश्वास न ठेवणाऱ्याहूनही वाईट ठरवले आहे. त्याच अध्यायात मंडळीची सेवा नीट करणाऱ्या पुढाऱ्यांना दुप्पट मान द्यायला सांगून लगेच मजुराच्या मजुरीचा दाखला दिला आहे. मराठी शास्त्रात या पुढाऱ्यांना ‘वडील’ म्हणतात, हा योगायोग मला मोलाचा वाटतो. आणि मान व पैसा एकाच शब्दात बसवणे आपल्याला अवघड जाऊ नये, कारण ‘मानधन’ हा शब्द आपण रोज वापरतो.

तरी मान म्हणजे केवळ खर्च नव्हे, हे यहुदी शास्त्र्यांनी फार बारकाईने सांगून ठेवले आहे. तालमूदच्या ‘किद्दुशीन’ या भागात बापाचा मान आणि बापाचे भय असे दोन भाग पाडले आहेत. भय म्हणजे त्याच्या जागेवर न बसणे, त्याचे बोलणे न खोडणे. मान म्हणजे त्याला खाऊपिऊ घालणे, कपडे घालणे, पांघरवणे, आत आणणे आणि बाहेर नेणे. यादी वाचताना एखाद्या दवाखान्यातल्या आयाबाईंची कामे वाचतो आहोत असे वाटते, आणि तेच तिचे बळ आहे. ज्याला हाताला धरून उंबरा ओलांडून न्यावे लागते तोच इथला बाप. जेरुसलेमच्या तालमूदमध्ये याला जोडून एक गोष्ट आहे. एक मुलगा बापाला पोसलेल्या कोंबड्या खाऊ घालतो. बाप कौतुकाने विचारतो, बाळा, या कुठून आणल्यास? मुलगा खेकसतो, म्हाताऱ्या, मुकाट्याने खा, कुत्री खातात तसे. दुसरा एक मुलगा जात्यावर दळणारा. राजाकडून दळणाऱ्यांना बोलावणे येते. तो बापाला म्हणतो, बाबा, इथे माझ्या जागी तुम्ही दळा. तिथे अपमान झाला, मार बसला, तर तो मला बसू दे. पहिला मुलगा कोंबड्या खाऊ घालून नरकात गेला, दुसरा बापाला दळायला बसवून स्वर्गात. ख्रिस्ती भाष्यकारांनी या परंपरेकडे फारसे पाहिले नाही, हे आपले नुकसान. येशू याच वादविवादांच्या वातावरणात वाढला आणि त्याच भाषेत बोलला.

त्याचा पुरावा मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. कोणी आपली मालमत्ता ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेली, असे जाहीर केले की मग ती आईबापांसाठी खर्च करायला तो मोकळा राहत नाही, अशी त्या काळची पळवाट होती. (हाच सेमिटिक धातू अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे ‘कुर्बानी’ होऊन आला.) येशू यावर जितका चिडतो तितका तो फार थोड्या गोष्टींवर चिडलेला दिसतो. देवाच्या नावाने बापाच्या ताटातला घास काढून घेतलात, आणि वर त्याला धर्म म्हणता, असा त्याचा रोख आहे. मराठी वाचकाला इथे पुंडलिक आठवल्याशिवाय राहणार नाही. आईबापांच्या सेवेत गढलेल्या पुंडलिकाने दारात आलेल्या देवाकडे वीट भिरकावली, आणि देव तिच्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला, हे चित्र ज्याच्या डोळ्यांत लहानपणापासून आहे त्याला कुर्बानचा वाद समजावून सांगावा लागत नाही. आईबापांचे होईपर्यंत देव थांबतो. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. पुंडलिकाच्या कथेत आईबापांची सेवा हीच भक्ती होते. शुभवर्तमानात आईबाप देवाच्या जागी जात नाहीत. त्यांच्याकडून हिसकावलेले दान देव स्वीकारत नाही, एवढेच तिथे आहे. पण हे ‘एवढेच’ फार मोठे आहे.

इथे पहिला जोरकस आक्षेप उभा राहतो. जो येशू परुश्यांना आईबापांवरून झापतो, तोच बापाचा द्वेष केल्यावाचून माझा शिष्य होता येत नाही असे म्हणतो, आणि बापाला पुरून येतो म्हणणाऱ्याला मेलेल्यांना मेलेल्यांवर सोपवायला सांगतो. ‘द्वेष’ हा सेमिटिक बोलण्यातला तुलनेचा प्रकार आहे, मत्तयाने तीच गोष्ट ‘माझ्यापेक्षा अधिक’ अशा मवाळ शब्दांत दिली आहे, हे खरे. पण एवढ्याने त्या वचनांची धार बोथट करणे मला पटत नाही. ती वचने खरोखरच बापाचा एक हक्क काढून घेतात. प्रश्न कोणता हक्क, हा आहे. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दोन क्रियापदे जवळजवळ ठेवली आहेत: मुलांनी आईबापांचे ऐकावे, आणि मग जुनी आज्ञा, मान राखावा. ऐकणे वेगळे, मान वेगळा. ऐकण्याला वय असते आणि त्याला ‘प्रभूमध्ये’ अशी मर्यादाही घातली आहे. मानाला वय नाही. येशूचे स्वतःचे वागणे याच रेषेवर चालते. बाराव्या वर्षी मंदिरात हरवून सापडल्यावर तो नासरेथला परत जातो आणि आईबापांच्या आज्ञेत राहतो. मोठेपणी आई आणि भाऊ बोलवायला येऊन बाहेर उभे राहतात तेव्हा तो उठून जात नाही. आणि क्रुसावर, श्वास घेणे कठीण झालेले असताना, आईची सोय शिष्याच्या घरी लावून देतो. ऐकणे संपले होते, मान संपला नव्हता. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही लोक धाकट्याकडेच पाहत राहतात. त्याने बाप जिवंत असताना वाटणी मागितली, म्हणजे त्याला मेल्यातच जमा केले, हे उघड आहे. थोरला मात्र इतकी वर्षे एकही हुकूम मोडला नाही असे स्वतःच सांगतो, आणि तोच बापाच्या घरी पंगत बसलेली असताना गावादेखत अंगणात रुसून उभा राहतो, बापाला बाहेर येऊन विनवण्या करायला लावतो. आज्ञाधारकपणा पुरेपूर, वजन शून्य.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला, आणि त्याचा लहान भाऊ श्रीपत मिशनच्या आश्रयाला राहिला. बाप कोर्टात गेला. मुलगा अज्ञान आहे म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर शास्त्रीमंडळींत रणे माजली, आणि बाळशास्त्री जांभेकर त्याला घेण्याच्या बाजूने उभे राहिले. १८५०च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वडिलार्जित मालमत्तेवरचा हक्क शाबूत ठेवला, तेव्हा विरोधकांचे म्हणणे होते: जो बापाला पिंड देणार नाही त्याने बापाची जमीन का घ्यावी? हा आक्षेप वेडगळ नव्हता. मान आणि मालमत्ता यांची गाठ तीमथ्याच्या पत्रातही आहे, ती आपण आत्ताच पाहिली. ख्रिस्ती लेखकांनी त्या पिढीतल्या बापांचे दुःख बहुतेक वेळा ‘छळ’ या एका शब्दात गुंडाळले. छळ झालाही, पण सगळेच काही छळ नव्हते. श्रीपतच्या बाबतीत कोर्टाने दिलेला कौल मला ख्रिस्ती दृष्टीनेही बरोबर वाटतो, कारण ऐकण्याचे वय अजून संपलेले नव्हते. आणि ज्यांचे ते संपले होते, ज्यांनी सज्ञानपणे बापाचा धर्म सोडला, त्यांच्याविषयी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सोडून गेल्यावर त्यांनी बापाला हलके केले की जड ठेवले?

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मी त्यासाठी घेतो, आणि त्याच्यापाशी थोडा थांबतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले, त्याबद्दल शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला, आणि पुढे घरदार सोडून कुटुंबासह तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत देशभर हिंडले. १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात हे कुटुंब दक्षिणेत अन्नान्न करत होते. त्यात अनंतशास्त्री गेले. रमाबाईंनी १९०७ साली, म्हणजे बाप्तिस्म्याला चोवीस वर्षे होऊन गेल्यावर, इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात तो प्रसंग आहे. दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्याने धाकट्या लेकीला जवळ घेतले, सन्मार्ग सोडू नको, देवाची सेवा कर, असे सांगितले. मरणापूर्वी त्यांनी संन्यास घेतलेला, म्हणून देह पुरायचा होता. खांदा द्यायला कोणी नाही. तेव्हा रमाबाईंच्या भावाने बापाचा देह धोतरात गाठोड्यासारखा बांधला आणि एकट्याने दोन मैलांवर वाहून नेला. उपाशी पोराच्या पाठीवर बापाचे वजन. हिब्रू शब्दकोशात ‘कब्बेद’चा अर्थ शोधण्यापेक्षा मी वाचकाला हे वाक्य दाखवीन. पण माझा मुद्दा त्याच्या पुढे आहे. रमाबाई बापाचा धर्म सोडलेल्या, वांटेजला १८८३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या, केडगावला मुक्ती मिशन उभारलेल्या. त्या पुस्तकात बापाच्या देवदेवतांवर त्या टीका करतात, आणि तरीही सांगतात की आपला बाप न ओळखलेल्या देवाचीच मनापासून सेवा करत होता, आणि देवाची सेवा कर ही त्याची शेवटची आज्ञा आपण पाळतो आहोत. याला कोणी सोयीचा अर्थ म्हणेल. मला त्यात सोय दिसत नाही. ज्या वाचकांसाठी त्या लिहीत होत्या त्यांच्यासमोर मूर्तिपूजक बाप सहज हलका करता आला असता, टाळ्याही मिळाल्या असत्या.

दुसरा आक्षेप आपल्या काळाचा आहे, आणि तो बायका अधिक धारदारपणे मांडतात. देवाला पिता म्हणणारा धर्म घरातल्या बापाला लहानसा देव करून ठेवतो. बापाच्या मानाच्या नावाखाली चालते ती बापाची सत्ता. चर्चच्या इतिहासात हे घडले आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते घडले शास्त्र अर्धे वाचल्यामुळे. पित्याला देव मानावे असा उपदेश तैत्तिरीय उपनिषदात आहे, आणि त्याची स्वतःची एक भव्यता आहे. ख्रिस्ती शास्त्र ती वाट घेत नाही. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात पृथ्वीवर कोणालाही पिता म्हणू नका, तुमचा पिता एकच, असे सरळ म्हटले आहे. (मग धर्मगुरूंना ‘फादर’ का म्हणता, हा प्रोटेस्टंटांचा आवडता चिमटा, त्याचे उत्तर इथे देत बसत नाही.) देव पिता आहे म्हणजे बाप देव आहे, असे उलटे गणित होत नाही; उलट घरातल्या बापाच्या डोक्यावर आणखी एक बाप बसतो. रोमन कायद्यात बापाची सत्ता मोठ्या, लग्न झालेल्या मुलांवरही तो जिवंत असेपर्यंत चाले, आणि जन्मलेले मूल ठेवायचे की टाकायचे हेही त्याच्या हातात असे. त्या जगात इफिस आणि कलस्सै इथल्या मंडळ्यांना पाठवलेली पत्रे बापांना सांगतात की मुलांना चिडीला आणू नका, ती खचून जातील. बापाने मुलाच्या मनाचा विचार करावा हे फर्मान त्या काळी किती विचित्र वाटले असेल, याचा अंदाज आज लागत नाही. आणि मूळ आज्ञेत आई बापाच्या बरोबरीने आहे. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर आईचे नाव आधी येते. देवपण काढून घेतल्यावर बाप माणूस उरतो, आणि वजन माणसाचेच करता येते.

मग वाईट बापाचे काय? दारू पिणारा, मारणारा, घर सोडून गेलेला, त्याहूनही भयंकर असलेला बाप, त्याचाही मान राखायचा? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि याचे उत्तर झटपट देणाऱ्या प्रवचनकारांवर माझा विश्वास नाही. शास्त्र निदान या प्रश्नाला घाबरत नाही. उत्पत्तीत नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडतो. हाम ते पाहतो आणि बाहेर जाऊन सांगतो; शेम आणि याफेथ खांद्यावर वस्त्र घेऊन, पाठमोरे चालत, तोंड फिरवून बापाला झाकतात. याचा अर्थ अनेकदा ‘घरातले घरात ठेवा’ असा लावतात, आणि तसा लावून किती मुलींची तोंडे बंद केली गेली असतील ते देव जाणे. पण कथेत कोणी नोहा प्याला नव्हता असे म्हणत नाही. नोहाने दुसऱ्या कोणाला इजा केलेली नाही. उघडा पडला आहे तो स्वतःच. जिथे बाप दुसऱ्याला इजा करतो तिथे झाकायचे असते ते इजा झालेल्याला, आणि त्यासाठी दार उघडून पोलिसांना बोलवावे लागले तर बोलवावे. तिथे ऐकण्याचा हक्क बापाने स्वतःच गमावलेला असतो. यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात बापाची पापे डोळ्यांनी पाहून तशी न करणाऱ्या मुलाला जगशील असे वचन आहे. त्या मुलाने बापाची पापे झालीच नाहीत असे म्हणावे अशी अट तिथे नाही. रमाबाईंनी इथेही वाट दाखवली आहे. १८८७च्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’मध्ये त्या बालविवाहाच्या बेफिकीर चालीचा दाखला देतात: गोदावरीवर स्नानाला आलेल्या अनोळखी प्रौढ ब्राह्मणाला एका यात्रेकरूने आपली नऊ वर्षांची मुलगी दुसऱ्याच दिवशी देऊन टाकली. मुलगी सुदैवाने चांगल्या घरी पडली, एवढे त्या म्हणतात, आणि नावे घेत नाहीत. तो ब्राह्मण त्यांचे वडील होते आणि ती मुलगी त्यांची आई. बापाच्या अंगावर वस्त्र टाकले, चालीवर टाकले नाही.

आजच्या मराठी ख्रिस्ती घरातला बाप बहुधा ना जुलमी असतो ना दैवत. तो नुसताच हलका झालेला असतो. मुले आखातात, कॅनडात, किंवा मुंबईच्या दुसऱ्या टोकाला. पैसे महिन्याच्या महिन्याला येतात, म्हणजे कोंबड्या पोचतात. कायदाही बापाच्या बाजूने फार झुकलेला नाही. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि त्याला मुलेबाळे असली, तर १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याच्या म्हाताऱ्या बापाला त्याच्या मालमत्तेत वाटा नाही. हिंदूंसाठी १९५६च्या कायद्यात आईबापांच्या पोटगीची तरतूद आहे. ख्रिस्ती व्यक्तिगत कायद्यात तशी नाही. २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा सर्वधर्मीयांना लागू झाला, पण त्यात ठरवलेली पोटगीची कमाल मर्यादा महिना दहा हजार रुपयांची. चर्चमध्ये जूनच्या तिसऱ्या रविवारी वडिलांना गुलाब देतात, तो दिवसही अमेरिकेतून आला. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात १९ जून १९१० रोजी तो पहिल्यांदा साजरा झाला, सोनोरा स्मार्ट डॉड या बाईंच्या खटपटीने. आई गेल्यावर सहा भावंडांना वाढवणाऱ्या बापासाठी त्यांनी ती केली. त्याआधी दोन वर्षे, जुलै १९०८ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियातल्या फेअरमाँटच्या मेथडिस्ट चर्चमध्ये एक उपासना झाली होती. शेजारच्या मोनोंगा इथल्या कोळसा खाणीतल्या स्फोटात आदल्या डिसेंबरात साडेतीनशेच्या वर माणसे गेली होती, त्यांतल्या बापांसाठी. ती उपासना पुढे चालू राहिली नाही. गुलाबाला माझा विरोध नाही. खाणीत गेलेल्या बापांची आठवण गुलाबासोबत आली असती तर बरे झाले असते, एवढेच.

जाता जाता एका पुस्तकाचा उल्लेख, कारण मराठीत बापाच्या मानाचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. देवदत्त टिळक आपले वडील, कवी नारायण वामन टिळक, यांचे चरित्र लिहायला निघाले आणि त्यांनी आई लक्ष्मीबाईंकडे आठवणी मागितल्या. मुलाने बापाच्या चरित्रासाठी मागितलेले टिपण. दुसऱ्या एखाद्या घरी त्यातून आरती निघाली असती. लक्ष्मीबाईंनी लिहिलेल्या आठवणींतून ‘स्मृतिचित्रे’ झाले. त्यात सोवळ्याच्या वेडाने सगळ्या घराला जेरीला आणणारे त्यांचे स्वतःचे वडील आहेत, टिळकांचे तापट वडील आहेत, आणि बायकोला न सांगता धर्म बदलणारे, दमडी हातात न टिकणारे, कधी कुठे निघून जातील याचा नेम नसलेले टिळकही आहेत. लक्ष्मीबाई तिघांनाही हसतात, तिघांवरही रागावतात, आणि पुस्तक मिटताना तिघांपैकी एकही हलका झालेला नसतो. देवदत्तांनी ते टिपण सोज्ज्वळ करून घेतले नाही. जसे आले तसे छापले.